मोहोर, मधपेट्या आणि गोठा: पौष-माघात काय सांभाळायचं

भात झोडून झालं, मळ्यात वाल-चवळी फुलावर आली, वर कातळालगत आंबा-काजू मोहोरले. कोकणातल्या वाडीत बाग, मधपेट्या आणि गोठा या तिन्हींची गाठ पडते ती याच दिवसांत, आणि तिन्हींना एकदम फटका बसतो तो चुकीच्या वेळी मारलेल्या फवारणीने.

तुडतुडे मोहोराचा रस शोषतात, तेव्हा फवारणी पूर्ण टाळता येत नाही. पण ती बोंगे, म्हणजे मोहोराचे फुगलेले डोळे, फुटतानाच उरकावी. फूल पूर्ण उमलल्यावर कीटकनाशक मारू नये. आंब्याच्या मोहोरावर मधमाशीपेक्षा साध्या माश्याच जास्त दिसतात, त्यांनाही जपा. त्या मेल्या की मोहोर भरगच्च दिसतो, फळ मात्र धरत नाही. काजूचे परागकण चिकट असतात, वाऱ्याने फारसे उडत नाहीत. तिथे माशी हवीच. औषध कोणतं आणि किती, हे दुकानदाराला न विचारता दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकात बघा.

फुलोऱ्यात फवारायची पाळी आलीच, तर सूर्य मावळल्यावर, माश्या पेटीत परतल्यावरच पंप उचला. सातेरी माशी, म्हणजे पेटीत पाळतात ती देशी मधमाशी, साधारण किलोमीटरभराच्या आत फिरते, म्हणजे शेजारच्या बागेतही जाते. म्हणून आदल्या दिवशी वाडीत सांगा. एकमेकांना एवढं कळवलं तरी बऱ्याच पेट्या वाचतील. मोठी फवारणी असेल तर पेट्या आदल्या रात्रीच ३ किलोमीटरपलीकडे हलवा.

आता पाणी. पंप धुतलेलं पाणी पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, किंवा विहिरीजवळ ओतू नका. तेच पाणी गुरं पितात, माश्याही पितात. गोठ्याच्या डोणीत नारळाची दोन-चार सोडणं तरंगत ठेवा. माश्या त्यांवर बसून पाणी घेतात, बुडून मरत नाहीत. फवारलेल्या झाडाखाली शेळ्या सोडू नका आणि तिथलं गवतही कापू नका. वालाचे वेल मात्र, फवारले नसतील तर, शेंगा काढल्यावर खुशाल गोठ्यात टाका.

पेंढा नुसता घालण्यापेक्षा मुरवून घाला: १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडा, दाबून रचा आणि प्लास्टिकने हवाबंद करून २१ दिवस ठेवा. घालण्याआधी थोडा वेळ हवेवर पसरा. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा पेंढा देऊ नये आणि युरियाचं पाणी जनावराच्या तोंडाशी चुकूनही येऊ देऊ नये.

पेट्या सावलीत ठेवा आणि स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. आठवड्यातून एकदा पोळ्याची खालची कड बघा. तिथे शेंगदाण्यासारखी लोंबती राणीघरं दिसली तर पेटीतली वसाहत फुटायच्या, म्हणजे अर्ध्या माश्या राणीसह उडून जायच्या, बेतात आहे, तेव्हाच तिचे दोन भाग करा. काळी पडलेली रिकामी पोळी काढून टाका, त्यांत मेणकिडा शिरतो. मध काढताना पिल्लांच्या पोळ्याला हात लावू नका आणि मे महिन्यात सगळा मध काढू नका. मृगाच्या पावसानंतर फुलं मिळेनाशी होतात, तेव्हा माश्या त्याच साठ्यावर जगतात. साठा कमी पडला तर साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आत ठेवा.