सोलापूरहून सिंगापूरला निघालाय? अरायव्हल कार्ड असं भरा

आधी व्हिसा, ते वेगळं काम आहे, अरायव्हल कार्ड म्हणजे सिंगापूरला उतरण्याआधी आपली माहिती भरून द्यायचा सरकारी फॉर्म, व्हिसा नव्हे, हे घरातल्या मोठ्यांना नीट सांगून ठेवा. पूर्वी विमानात कागदी कार्ड द्यायचे, आता सगळं ऑनलाइन, आणि ते पूर्ण फुकट आहे. गुगलवर वर दिसणाऱ्या बऱ्याच साइट याचेच पैसे उकळतात, म्हणून साइटच्या पत्त्यात डॉट जीओव्ही डॉट एसजी (.gov.sg, म्हणजे सिंगापूर सरकारची साइट) बघूनच पुढे जा, नाहीतर तिथल्या इमिग्रेशन खात्याचं मायआयसीए (MyICA) ॲप घ्या.

पोचायच्या दिवसासकट ३ दिवसांत भरायचं, म्हणजे २० तारखेला उतरणार तर १८ पासून. सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये बसून भरू म्हणाल तर रात्री रेंज जाते, त्यापेक्षा घरीच उरका.

खरी गडबड नावात होते बघा. आपल्याकडं पासपोर्टवर कुणाचं वडिलांचं नाव मधे, कुणाचं आडनावच नाही, आधारवर तिसरंच स्पेलिंग. इथं फक्त पासपोर्टवर आहे तेच, अक्षर न अक्षर जुळवून टाका, नंबर मोठ्यानं वाचून दुसऱ्याकडून तपासून घ्या. राहायचा पत्ता, फ्लाइट नंबर, तब्येतीचे प्रश्न, झालं. ईमेल मात्र स्वतःचाच द्या, नेट कॅफेवाल्याचा नको, कारण सिंगापूरला उतरल्यावर पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, किती दिवस राहता येईल ते ईमेलवरच येतं आणि ती तारीख आईबाबांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्याच.