एरर न देणाऱ्या चुका: पायथनमध्ये इंडेक्स वापरताना या टाळा

दादर, ठाणे, कल्याण, कर्जत, पुणे. या लिस्टची लेन्थ ५, पण इंडेक्स ० ते ४. इंडेक्स ५ मागितला की ‘लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज’ म्हणून प्रोग्रॅम थांबतो. इंडेक्सला हजेरीपटावरचा नंबर समजू नका. सुरुवातीपासून किती घरं पुढे सरकायचं, तो आकडा म्हणजे इंडेक्स. दादरला आपण उभेच आहोत, म्हणून दादर शून्यावर. स्लाइसमध्ये, म्हणजे लिस्टचा तुकडा काढताना, १ ते ३ लिहिलं तर ठाणे आणि कल्याण येतात, कर्जत येत नाही, कारण शेवटचा आकडा धरत नाहीत.

इथे निदान चूक लगेच कळते. खरा त्रास गपचूप होणाऱ्या चुकांचा.

मला सर्वांत जास्त छळलंय ते ‘फाइंड’ने. पत्त्यांच्या यादीतून स्वल्पविरामाआधीचं गाव काढायचं होतं. फाइंडने स्वल्पविरामाची जागा शोधली आणि तिथपर्यंत स्लाइस केलं. ‘सातारा, महाराष्ट्र’मधून ‘सातारा’ नीट आलं. पण एका ओळीत नुसतंच ‘सातारा’ होतं, आणि तिथे निघालं ‘सातार’! शोधलेलं सापडलं नाही की फाइंड उणे १ देतं, आणि पायथनमध्ये उणे १ म्हणजे शेवटचं घर. त्यामुळे स्लाइस शेवटच्या घराच्या अलीकडेच थांबलं. म्हणून आधी उणे १ आलाय का ते तपासा, नाहीतर ओळ स्वल्पविरामापाशी तोडणारं ‘पार्टिशन’ सरळ वापरा. स्वल्पविराम नसला तर त्याचा पहिला भाग म्हणजे अख्खी ओळच असते.

‘सातारा’मधून गळला तो फक्त काना, हेही बघा. पायथन अक्षरं मोजत नाही, युनिकोडचे कोडपॉइंट, म्हणजे काना-मात्रेसकट प्रत्येक चिन्हाला दिलेले वेगळे क्रमांक, मोजतो. ‘पुणे’ची लेन्थ ४ भरते: प, उकार, ण, मात्रा. पहिलं अक्षर म्हणून इंडेक्स ० घेतलात तर ‘पु’ नाही, नुसता ‘प’ हाती येतो. मराठी मजकुरावर काम करणाऱ्याने हे पक्कं लक्षात ठेवायलाच हवं.

लिस्टमधले घटक एकेक करून बघणारा लूप चालू असताना त्याच लिस्टमधून घटक काढू नका. २, ४, ५, ६ मधून सम संख्या काढायला गेलात तर ४ तशीच राहते. २ गेल्यावर ४ शून्यावर सरकते आणि लूप तर १ वर पोचलेला असतो. हवे ते घटक घेऊन नवी लिस्ट बनवा.

भाषा बदलली की सवयही तपासून घ्या. जावास्क्रिप्टच्या ॲरेमध्ये (तिथल्या लिस्टमध्ये) चौकटी कंसात उणे १ दिलं तर ‘अनडिफाइन्ड’ मिळतं. आर भाषेत मोजणी १ पासून, आणि उणे १ म्हणजे पहिला घटक वगळून बाकी सगळे.