खंडणी की भरपाई? व्हर्सायचा तह वाचायला बसताना

एम.ए.च्या पहिल्या वर्षी पहिल्या महायुद्धानंतर 1919मध्ये जर्मनीशी झालेल्या तहाबद्दल मी ट्यूटोरियलमध्ये लिहिलं होतं : ‘व्हर्सायच्या तहाने जर्मनीला अपराधी ठरवून तिच्यावर जबर खंडणी लादली.’ मॅडमनी ‘अपराधी’ आणि ‘खंडणी’ या दोन शब्दांखाली रेघ मारली आणि तहाची 231 व 232 ही कलमं वाचून यायला सांगितलं. तुम्हीही सुरुवात तिथूनच करा. गाइडं नंतर.

खंडणी घ्यायला जिंकणं पुरतं. 1871मध्ये जर्मनीने हरलेल्या फ्रान्सकडून 5 अब्ज फ्रँक घेतले, ती खंडणी. 1918मध्ये मात्र दोस्त राष्ट्रांनी (जर्मनीविरुद्ध लढणाऱ्या ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका वगैरेंनी) शस्त्रसंधीआधीच कळवलं होतं की नागरिकांच्या नुकसानीची भरपाई घेऊ. भरपाई मागायची तर जबाबदार कोण, हे आधी लिहावं लागतं. 231वं कलम आलं ते त्यासाठी. नुकसानीची जबाबदारी जर्मनी आणि तिच्या मित्रराष्ट्रांची, असं ते म्हणतं. ‘अपराध’ हा शब्द त्यात नाही. लगेच 232वं कलम मान्य करतं की सगळी भरपाई देण्याइतकी जर्मनीची ऐपत नाही. ऑस्ट्रिया आणि हंगेरीच्या तहांतही असंच जबाबदारीचं कलम आहे. तरीही जर्मन माणसाला 231 जिव्हारी लागलं. अख्ख्या राष्ट्राला गुन्हेगार ठरवलं, असंच त्याने ते वाचलं, आणि पुढच्या राजकारणात हे वाचणंच भारी पडलं. म्हणून कलमात काय आहे आणि लोकांनी त्यातून काय घेतलं, याची टिपणं वेगळी काढा.

आकड्यांचंही तसंच. 1921मध्ये लंडनला ठरलेले 132 अब्ज सुवर्ण मार्क (सोन्याच्या मोलाने मोजलेलं जर्मन चलन) सगळ्यांना पाठ असतात. त्यातले 82 अब्ज ‘क’ रोख्यांत (कर्जरोख्यांच्या तिसऱ्या वर्गात) होते आणि ते वसूल होतील अशी फारशी आशा नव्हती. खरा बोजा 50 अब्जांचा. 1932पर्यंत प्रत्यक्ष दिले गेले सुमारे 20 अब्ज. पण एवढ्यावरून ओझं हलकं होतं असं लिहू नका. मी लिहिलं आणि चुकले. लाकूड-कोळशाचे हप्ते थकले म्हणून जानेवारी 1923मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमचं सैन्य जर्मनीच्या रूर या औद्योगिक खोऱ्यात घुसलं. त्याच्या निषेधात संपावर गेलेल्या तिथल्या कामगारांना पोसायला बर्लिनने नोटा छापल्या. नोव्हेंबरात एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क पडत होते.

हे झालं की 1951च्या जपानबरोबरच्या सॅन फ्रान्सिस्को तहाचं 14वं कलम काढा. 231चा मसुदा करणाऱ्यांत जॉन फॉस्टर डलेस हा तरुण अमेरिकी वकील होता. सॅन फ्रान्सिस्को तह घडवण्यात पुढाकार त्याचाच. त्याच्या 14व्या कलमात 232सारखी ऐपतीची कबुली आहे. 231सारखं जबाबदारीचं वाक्य नाही.