जुना व्हॉल्व्हचा लिनिअर: निवड, खरेदी आणि दुरुस्ती

जुना लिनिअर ॲम्प्लिफायर (ट्रान्समीटरची शक्ती वाढवणारे यंत्र) बघायला गेलेला नवा हॅम (हौशी रेडिओवाला) पहिल्यांदा व्हॉल्व्ह बघतो आणि तिथेच फसतो. व्हॉल्व्ह बदलता येतात. हाय व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर आणि बँडस्विच (रेडिओचा बँड बदलणारा स्विच) मात्र एकदा गेले की तसेच दुसरे मिळवणे जिकिरीचे. म्हणून किंमत ठरवायची ती या दोन गोष्टी बघून. व्हॉल्व्ह चांगले निघाले तर ते वरचे समजावे.

नवख्याने प्रसिद्ध मॉडेल घ्यावे, कारण त्याचा सर्किट डायग्राम आणि मॅन्युअल सहज मिळते. हीथकिट एसबी-२०० मध्ये दोन ५७२बी व्हॉल्व्ह असतात, कॉलिन्स ३०एल-१ मध्ये चार ८११ए. हीथकिट एसबी-२२०, ड्रेक एल-४बी आणि केनवूड टीएल-९२२ या तिघांत दोन-दोन ३-५००झेड. एसबी-२३० स्वस्तात मिळाला तरी पहिल्या कामासाठी घेऊ नये: त्यातला ८८७३ दुर्मिळ आहे आणि त्याची उष्णता बाहेर नेणारे तुकडे बेरिलियम ऑक्साइडचे असतात. ते फुटले किंवा घासले गेले तर त्यांची धूळ फुप्फुसांना घातक. जुन्या सेटवर १०, १८ आणि २४ मेगाहर्ट्झचे बँड बहुधा नसतात, हेही आधीच लक्षात घ्यावे.

बघायला जाताना टॉर्च, मल्टिमीटर आणि नाक सोबत हवे. ट्रान्सफॉर्मरला जळका वास, वितळून ओघळलेले वार्निश किंवा काळवंडलेला कागद दिसला की परत फिरावे. बँडस्विचच्या वेफरवर (काँटॅक्ट बसवलेल्या चकतीवर) काळे डाग किंवा वितळलेले काँटॅक्ट असतील तर कोणीतरी अँटेना न जोडता किंवा चालू असताना बँड फिरवून तो वापरला आहे. व्हॉल्व्ह काढून ग्रिड (आतली जाळी) आणि फिलामेंट (तापणारी तार) यांच्यातला रेझिस्टन्स मोजा, मग व्हॉल्व्ह उलटा धरून पुन्हा मोजा. कुठल्याही स्थितीत शॉर्ट दिसता कामा नये. ५७२बी किंवा ८११ए मधला चकचकीत गेटर (काचेच्या आतला, उरलेला वायू शोषणारा लेप) पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे. ३-५००झेड मध्ये असा गेटर नसतो, त्यामुळे तिथे ही खूण शोधू नका. वाहतुकीत व्हॉल्व्ह वेगळे आणि ट्रान्सफॉर्मरही शक्यतो वेगळा बांधावा. चॅसिसवर बसवून पाठवलेला ट्रान्सफॉर्मर एका आपटीत पत्रा वाकवतो.

झाकण उघडण्याआधी एक हिशेब. एसबी-२२० मध्ये २०० मायक्रोफॅरडचे आठ कपॅसिटर सिरीजमध्ये, म्हणजे एकूण २५ मायक्रोफॅरड. ३००० व्होल्टला त्यात सुमारे ११२ ज्यूल साठतात, आणि जीव घ्यायला ते भरपूर झाले. प्लग काढा, दोन-तीन मिनिटे थांबा आणि मीटर शून्यावर आला तरी विश्वास ठेवू नका, कारण मीटरचा मल्टिप्लायर रेझिस्टर तुटला तरीही काटा शून्यच दाखवतो. इन्सुलेटेड दांड्याच्या टोकाला काही शे ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर लावून त्याची दुसरी बाजू चॅसिसला जोडा. हा दांडा आधी प्लेट कॅपला (व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या टोपीला) टेकवा, नंतर क्लिपच्या तारेने थेट शॉर्ट करा आणि काम संपेपर्यंत ती क्लिप तशीच ठेवा. झाकणाचा इंटरलॉक (झाकण उघडताच काम करणारा सुरक्षा स्विच) कधीही बायपास करू नका.

साफसफाई मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने करा. ट्रान्सफॉर्मरला ओले करू नका. सगळ्या बाजूंनी फोटो काढल्याशिवाय एकही तार सोडू नका.

पहिले मोठे काम फिल्टर कपॅसिटरचे. जुने इलेक्ट्रोलिटिक सुकलेले असतात. एक-दोन बदलून भागत नाही, कारण लीकेज सारखे नसले तर व्होल्टेज सारखे वाटले जात नाही आणि उरलेल्यांपैकी एखादा फुटतो. सगळे एकाच बॅचचे घ्या. समांतर ब्लीडर रेझिस्टरही (वीज बंद झाल्यावर कपॅसिटर रिकामे करणारे) याच वेळी बदला. एसबी-२२० मध्ये मूळचे ३० किलोओहमचे असतात. प्रत्येकावर ३७५ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ ४.७ वॅट, आणि आठांची मिळून साडेसदतीस वॅट उष्णता कपॅसिटरच्या अंगाशी. १०० किलोओहम, ३ वॅटचे लावले की प्रत्येकी १.४ वॅट उरतात. बदल्यात डिस्चार्जला वेळ लागतो: टाइम कॉन्स्टंट (व्होल्टेज सुमारे ३७ टक्क्यांवर उतरायला लागणारा वेळ) ६ सेकंदांवरून २० वर जातो, म्हणून थांबण्याची सवय आणखी पक्की हवी. रेक्टिफायरचे डायोडही १एन५४०८ ने बदलून टाकावेत. व्होल्टेज डबलरमध्ये (व्होल्टेज दुप्पट करणाऱ्या सर्किटमध्ये) प्रत्येक बाजूवर पूर्ण ३००० व्होल्ट उलटे येतात, तेव्हा प्रत्येक बाजूला १००० व्होल्टचे किमान पाच डायोड सिरीजमध्ये घ्या.

आता सुरक्षेसाठी तीन गोष्टींची भर. हाय व्होल्टेजच्या तारेत १० ते २५ ओहमचा, किमान १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर. व्हॉल्व्हमध्ये ठिणगी पडली तर करंट तो अडवतो. बी-मायनस (हाय व्होल्टेजची ऋण बाजू) आणि चॅसिस यांच्यात दोन १एन५४०८ उलटसुलट. नाहीतर त्याच ठिणगीत मीटर आणि शंट (मीटरला समांतर रेझिस्टर) जातात. मेन्सच्या वाटेत सॉफ्ट स्टार्ट (सुरुवातीचा करंट रोखणारे सर्किट), कारण रिकामे कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्टसारखेच असतात. मेन्स २३० व्होल्टचा असेल तर प्रायमरीचे जोड २४० च्या स्थितीत आहेत का तेही बघा. प्लेटजवळच्या पॅरासिटिक सप्रेसरमधले (नको असलेली ऑसिलेशन्स दाबणाऱ्या जोडातले) कार्बन रेझिस्टर वर्षानुवर्षे तापून वाढलेले असतात; छापील ओहमपासून फार सरकले असतील तर बदला. त्याजागी वायरवाउंड लावू नका, त्यांचे इंडक्टन्स इथे घात करते.

पहिल्यांदा वीज द्यायची ती व्हॉल्व्ह काढून, सिरीजमध्ये फिलामेंटचा दिवा लावून. दिवा क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लखलखीतच राहिला तर शॉर्ट आहे, बंद करा. साधा मल्टिमीटर बहुधा १००० व्होल्टपर्यंतचाच असतो, तो ३००० व्होल्टला लावायचा नाही. प्लग काढलेला असताना चॅसिसकडच्या तळाच्या एका कपॅसिटरवर क्लिप लावा, हात मागे घ्या, मग चालू करा आणि वाचन आठाने गुणा.

व्हॉल्व्ह घालण्याआधी सॉकेटचे काँटॅक्ट साफ करून आवळा. ३-५००झेड चे फिलामेंट ५ व्होल्टला १४.५ अँपिअर घेते, त्यामुळे सैल काँटॅक्ट तापतो आणि पिनेतले सोल्डर वितळते. फिलामेंट व्होल्टेज पिनेवरच मोजा: ४.७५ ते ५.२५ हवे. पंखा मंद फिरत असेल तर पुढे जाऊच नका. फिलामेंटचा ट्रान्सफॉर्मर वेगळा असेल तर हाय व्होल्टेज न देता फिलामेंट काही तास चालू ठेवा. ३-५००झेड मधला उरलेला वायू शोषण्याचे काम प्लेटचे झिर्कोनियमचे लेपन करते, पण प्लेट तापल्यावरच. म्हणून कामात ती मंद लाल दिसली तर घाबरू नये. ५७२बी किंवा ८११ए ची प्लेट लाल झाली तर मात्र लगेच ड्राइव्ह (ट्रान्सीव्हरकडून आत येणारा सिग्नल) काढा.

ट्यूनिंग डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या रेझिस्टरवर), कमी ड्राइव्हने, थोड्या-थोड्या सेकंदांसाठी. ग्राउंडेड-ग्रिड (ग्रिड चॅसिसला जोडलेल्या) सर्किटला प्लेट व्होल्टेज नसताना ड्राइव्ह दिला तर सगळा करंट ग्रिड ओढून घेते आणि व्हॉल्व्ह मिनिटाच्या आत जाऊ शकतो. प्लेट कंडेन्सरने डिप (प्लेट करंटचा सर्वांत खालचा बिंदू) शोधा, मग लोड कंडेन्सर जुळवा. ग्रिड करंट प्लेट करंटच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर चढू लागला तर लोडिंग हलके आहे. लोड कंडेन्सर आणखी उघडा आणि डिप पुन्हा घ्या. आउटपुट आपल्या परवान्याच्या मर्यादेत ठेवायचा हे वेगळे सांगायला नको.

ट्रान्सीव्हर जोडण्याआधी रिले लाइन (ट्रान्समिटच्या वेळी ॲम्प्लिफायरचा रिले ओढणारी तार) मोजा. एसबी-२२० मध्ये तिथे शंभराहून अधिक व्होल्ट डीसी असतात आणि आजच्या ट्रान्सीव्हरचा कीइंग ट्रान्झिस्टर ते सहन करत नाही. मधे ट्रान्झिस्टरचा सॉफ्ट-की सर्किट किंवा छोटा १२ व्होल्टचा रिले टाका. रिलेच्या कॉइलवर डायोड उलटा लावायला विसरू नका.