जागरण सोडलं आणि राहिलेला विषय निघाला
दुसऱ्या सेमिस्टरला साताऱ्यात रूमवर रात्री ३ पर्यंत जागायचो, जोडीला चहा. पेपरात येणारं उत्तरही आठवेना, हाताला घाम सुटून पेन निसटायचं. चहातल्या कॅफिनचा निम्मा अंश साधारण ५ तासांनंतरही अंगात असतो आणि वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत, हे फार उशिरा कळलं.

मग संध्याकाळी ५ नंतर चहा बंद, ११ ला दिवा बंद. पहाटे अजिंक्यतारा किल्ल्याची चढण. परत आलो की वही मिटून कालचं सगळं कोऱ्या कागदावर लिहून काढायचो. जिथे अडेल तेवढंच पुन्हा वाचायचं. सगळ्यात जास्त फरक यानेच पडला. पेपरच्या सकाळी भाकरी-दही, पोट जड होत नाही. प्रश्नपत्रिका हातात आली की सावकाश श्वास सोडत दहा अंक मोजतो, मगच पेन उचलतो. राहिलेलं गणित तिसऱ्या सेमिस्टरला निघालं.