घरच्या संगणकावरील बनावट अँटिव्हायरस कसा काढला

आमच्या विंडोज ७ असलेल्या संगणकावर एके संध्याकाळी ‘३८ व्हायरस सापडले, काढण्यासाठी पैसे भरा’ अशी खिडकी उघडली आणि टास्क मॅनेजरसुद्धा (चालू प्रोग्रॅम बंद करण्याची विंडोजमधली सोय) सुरू होईना. पैसे अर्थातच भरले नाहीत. संगणक पुन्हा सुरू करताना एफ८ दाबून सेफ मोड विथ नेटवर्किंग (फक्त अत्यावश्यक भाग आणि इंटरनेट चालू ठेवणारी अवस्था) निवडला, तरीही एकही संकेतस्थळ उघडेना. बराच वेळ मी मोडेमलाच दोष देत बसलो होतो, पण त्या भामट्या प्रोग्रॅमने इंटरनेटच्या सेटिंगमध्ये १२७.०.०.१ (म्हणजे हाच संगणक) हा प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटकडे जाताना लागणारा मधला टप्पा, घालून ठेवला होता. तिथली बरोबरची खूण काढताच जोडणी पूर्ववत झाली. मग मालवेअरबाइट्स हा घातक प्रोग्रॅम शोधून काढणारा प्रोग्रॅम उतरवून पूर्ण तपासणी केली, रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंगचा साठा) ‘रन’ विभागात, म्हणजे विंडोजसोबत आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत, उरलेली निरर्थक अक्षरांची नोंद हाताने पुसली आणि नेटबँकिंगचा पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदलला.