सहावा माणूस आला आणि लायसन अडलं

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं छोटं ऑफिस. शिरोलीच्या फाउंड्र्यांसाठी स्टॉकचं सॉफ्टवेअर करतो. पाच जण होतो तोवर व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी (प्रोग्रॅम लिहायच्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती) फुकटात चाललं. नवीन दोन पोरं आली, त्यांनाही तेच टाकून दिलं. मग एका गिऱ्हाइकानं लायसनचा कागद मागितला नि मी अटी वाचायला बसलो. चहा गार. छोट्या कंपनीत कम्युनिटी पाचच जणांना चालतं, 250 पेक्षा जास्त पीसी किंवा वर्षाला 10 लाख डॉलरवर उलाढाल असेल तर तेही नाही (आमची कुठली एवढी!). सातही जणांना प्रोफेशनल, म्हणजे त्याचीच विकतची आवृत्ती, घ्यायची तर खिसाच फाटणार. बघितलं तर एक पोरगं दिवसभर जावास्क्रिप्टच लिहितंय, त्याला व्हीएस कोड हा मायक्रोसॉफ्टचाच फुकटचा कोड एडिटर पुरे. पाच जण कम्युनिटीवरच, उरला एक. त्याच्यापुरतं प्रोफेशनलचं सबस्क्रिप्शन घेतलं. ते माणसाच्या नावावर असतं, मशीनच्या नाही. ऑफिसचा डेस्कटॉप, घरचा लॅपटॉप, दोन्हीकडं तोच लॉगिन.